एकाच दिवशी तीन एमआरआय आणि सीओ-५९: कापलेले पैसे सोडायचे की मागायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका इमेजिंग सेंटरचं एआर, म्हणजे येणं असलेल्या बिलांची वसुली, बघता. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेल्या अमेरिकन सरकारी आरोग्य विम्याच्या, एका पेशंटचे एकाच दिवशी मेंदू, मान आणि कंबर असे तीन एमआरआय झाले. एका ओळीचे पैसे पूर्ण आले, उरलेल्या दोन ओळींवर सीओ-५९ हा कपातीचं कारण सांगणारा कोड लावून मोठी रक्कम कापली. टीम लीड म्हणतात, राइट-ऑफ करून, म्हणजे ती रक्कम सोडून, पुढे चला. क्लायंटकडचा मॅनेजर म्हणतो, अपील करा. ऐकायचं कोणाचं?

या एका क्लेमपुरतं बोलायचं तर टीम लीडचं. पण ‘सीओ-५९ दिसलं की राइट-ऑफ’ हा नियम फ्लोअरवर रूढ झाला, तर क्लायंटचे न्याय्य पैसे गुपचूप बुडतात. मॅनेजरच्या म्हणण्याप्रमाणे सरसकट अपील केलं, तर तुमचे तास वाया जातात आणि कधी कधी त्याहून वाईटही घडतं. ही कपात नेमकी कशावर, किती आणि कोणत्या क्रमाने होते हे समजलं की एक क्लेम तपासायला फार वेळ लागत नाही. म्हणून तेच आधी सांगतो.

इमेजिंगच्या प्रत्येक तपासणीचे दोन भाग असतात. एक टेक्निकल भाग: मशीन, खोली, टेक्नॉलॉजिस्टचा वेळ, लागणारं साहित्य. दुसरा प्रोफेशनल भाग: रेडिऑलॉजिस्टने प्रतिमा वाचून रिपोर्ट लिहिणं. टेक्निकल भागाला टीसी मॉडिफायर, म्हणजे बिलावरच्या कोडला जोडायची छोटी खूण, प्रोफेशनलला २६. सेंटर दोन्ही कामं स्वतःच करत असेल तर मॉडिफायर न लावता एकत्र बिल जातं, त्याला आपण ग्लोबल म्हणतो. एकाच पेशंटच्या एकाच भेटीत एकाहून जास्त सीटी, एमआरआय किंवा अल्ट्रासाउंड झाले, की मेडिकेअर सर्वांत महागड्या टेक्निकल भागाचे पूर्ण पैसे देते आणि बाकीच्यांचे निम्मे. प्रोफेशनल भागातही सर्वांत महागड्याचे पूर्ण, बाकीच्यांचे ९५ टक्के. नियमाचं नाव मल्टिपल प्रोसीजर पेमेंट रिडक्शन, फ्लोअरवर सगळे एमपीपीआर म्हणतात.

नवीन माणूस अडखळतो तो इथेच: दोन्ही भागांची क्रमवारी स्वतंत्र लागते. टेक्निकलमध्ये पहिली आलेली तपासणी प्रोफेशनलमध्येही पहिली येईल असं नाही. हिशेबाला सोपे आकडे घेऊ, खऱ्या फी शेड्यूलशी, म्हणजे मेडिकेअरच्या दरपत्रकाशी, त्यांचा संबंध नाही. तीन तपासण्या, तिन्ही ग्लोबल. पहिलीचा टेक्निकल भाग २४० डॉलर, प्रोफेशनल ७०. दुसरीचे १८० आणि ९०. तिसरीचे १०० आणि ४०. कपात नसती तर एकूण ७२० डॉलर मान्य झाले असते. आता टेक्निकलमध्ये पहिली तपासणी सर्वांत महाग, म्हणून २४० पूर्ण, मग १८० चे ९०, १०० चे ५०. बेरीज ३८०. प्रोफेशनलमध्ये मात्र दुसरी महाग, म्हणून तिचे ९० पूर्ण, ७० चे ६६.५०, ४० चे ३८. बेरीज १९४.५०. एकूण मान्य रक्कम ५७४.५०.

ओळीनुसार पाहिलं तर पहिलीला ३०६.५०, दुसरीला १८० आणि तिसरीला ८८ येतात. म्हणजे या क्लेममध्ये एकही ओळ पूर्ण भरलेली दिसणार नाही. ‘एक तरी ओळ शंभर टक्के यायलाच हवी’ असं धरून अशा क्लेमवर अपील टाकलेली मी पाहिली आहेत, आणि ती परत येतात. तुमच्या क्लेममध्ये एक ओळ पूर्ण आली, याचा अर्थ दोन्ही भागांत तीच तपासणी वरची ठरली, किंवा सेंटर फक्त टीसी बिल करतं.

क्रमवारी लागते ती त्या वर्षीच्या, त्या भागाच्या मेडिकेअर दरांवरून. क्लायंटने क्लेमवर टाकलेल्या चार्जवरून नाही, आणि क्लेमवर कोणती ओळ आधी लिहिली त्यावरूनही नाही. त्यामुळे दर १ जानेवारीला फी शेड्यूल बदललं की गेल्या वर्षीचा क्रम या वर्षी टिकेलच असं समजू नका. दवाखान्यात किंवा स्वतंत्र सेंटरमध्ये होणाऱ्या इमेजिंगच्या टेक्निकल भागावर हॉस्पिटलच्या आउटपेशंट दराची मर्यादाही असते. आधी एमपीपीआर लावायचा, मग ती रक्कम मर्यादेशी ताडून दोन्हींतली कमी घ्यायची. तुमचा हिशेब थोडा चुकतोय आणि कारण सापडत नाहीये, असं झालं की आधी या मर्यादेकडे बघा. सीक्वेस्ट्रेशनचे, म्हणजे सरसकट सरकारी खर्चकपातीचे, २ टक्के ही तिसरीच गोष्ट. ते मेडिकेअरच्या वाट्यातून सर्वांत शेवटी जातात आणि सीओ-२५३ म्हणून वेगळे दिसतात. ते एमपीपीआरच्या रकमेत मिसळू नका.

आता हा नियम आला कुठून, हे थोडं सांगतो. क्लायंटचा मॅनेजर जो वाद घालतोय तो अर्धा इतिहासातलाच आहे. मार्च २००५ मध्ये मेडपॅकने, म्हणजे मेडिकेअरच्या दरांबाबत अमेरिकन संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाने, शेजारच्या अवयवांच्या तपासण्या एकाच वेळी झाल्या तर दुसरीचे पैसे कमी करावेत अशी शिफारस केली. १ जानेवारी २००६ पासून कपात सुरू झाली: फक्त टेक्निकल भागावर, २५ टक्के, आणि तीही ११ ठरावीक गटांपैकी एकाच गटातल्या तपासण्यांवर. दुसऱ्या वर्षी ती ५० टक्के करायचा बेत होता, तो थांबवला गेला. पण ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्याने १ जुलै २०१० पासून ५० टक्के केलीच. १ जानेवारी २०११ ला ते ११ गट मोडून सगळ्यांचा एकच गट केला. तेव्हापासून डोक्याचा एमआरआय आणि पोटाचा अल्ट्रासाउंड, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तेही एकाच हिशेबात येतात. २०१२ मध्ये कपात प्रोफेशनल भागावर आली, २५ टक्के. २०१३ मध्ये एकाच ग्रुपमधल्या, म्हणजे एकत्र प्रॅक्टिस करणाऱ्या, वेगवेगळ्या डॉक्टरांनाही ती लागू झाली.

टेक्निकल भागाच्या कपातीत तथ्य आहे, हे मला मान्य करावं लागतं. पेशंटला बोलावणं, माहिती विचारणं, सूचना देणं, शिरेत सुई लावणं, नंतर खोली साफ करणं ही कामं तीन तपासण्यांसाठी तीनदा होत नाहीत, आणि दरात मात्र ती तीनदा धरलेली असतात. ५० टक्के हा आकडा जास्त आहे का यावर वाद होऊ शकतो. एमआरआयमध्ये मशीनचा वेळ हा मुख्य खर्च असतो आणि दुसऱ्या भागासाठी मशीन पुन्हा तेवढंच चालतं. तरी तत्त्व समजण्यासारखं आहे.

प्रोफेशनल भागावरचे २५ टक्के मात्र मला कधीच पटले नाहीत. मानेच्या एमआरआयच्या प्रतिमा वाचून झाल्या म्हणून कमरेच्या प्रतिमा कमी होत नाहीत. बचत होते ती कशाची, पेशंटचा पूर्वेतिहास एकदाच बघणं आणि एखादा फोन. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या तज्ज्ञांनी एकेका तपासणीतलं काम मोजून २०११ मध्ये मांडलं, तेव्हा बचत होणारं काम सुमारे ३ ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघालं. संघटना आपल्याच सभासदांची बाजू मांडणार हे धरूनही २५ आणि ५ यांतली दरी फार मोठी होती. २०१४ च्या एका कायद्याने सरकारला २५ टक्क्यांमागची आकडेवारी जाहीर करायला सांगितली. डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झालेल्या २०१६ च्या खर्च-कायद्याने १ जानेवारी २०१७ पासून ती कपात थेट ५ टक्क्यांवर आणली. वरच्या उदाहरणात २०१६ साली प्रोफेशनल भागातून २७.५० डॉलर गेले असते, आज ५.५० जातात. कपात हटवण्यासाठी लढायची जागा होती संसद. एकेका क्लेमचं अपील ही ती जागा नव्हे, आणि मॅनेजरला हे शांतपणे सांगायला हरकत नाही.

मग अपील कधी करायचं? सगळा प्रश्न ‘एकाच भेटीत’ या दोन शब्दांवर येऊन थांबतो.

सकाळी पडून डोक्याला मार लागला म्हणून सीटी झाला, पेशंट घरी गेला, संध्याकाळी पोटात दुखू लागलं म्हणून परत आला आणि अल्ट्रासाउंड झाला. दिवस एक, भेटी दोन. इथे कपात लागू होत नाही, पण मेडिकेअरच्या कॉम्प्युटरला दोन भेटी कळायला क्लेमवर तसं सांगावं लागतं. त्यासाठी मॉडिफायर ५९ किंवा २०१५ पासून आलेला एक्सई, म्हणजे वेगळी भेट. गंमत अशी की रेमिटन्सवरचा, म्हणजे पैशांसोबत येणाऱ्या हिशेबावरचा, सीओ-५९ आणि हा मॉडिफायर ५९ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पहिला सांगतो की एकाहून अधिक प्रोसीजरच्या नियमाने रक्कम ठरवली आहे. दुसरा म्हणतो की या दोन सेवा वेगळ्या आहेत. पण आकडा सारखा दिसल्यामुळे ‘सीओ-५९ आलंय, म्हणजे ५९ लावून परत पाठवा’ असा शॉर्टकट काही फ्लोअरवर चालतो. तो ताबडतोब बंद करा.

कारण सांगतो. शरीराचा भाग वेगळा आहे म्हणून ५९ किंवा एक्सएस (वेगळा अवयव सांगणारा मॉडिफायर) लावणं हे इथे चूक आहे. २०११ नंतर एमपीपीआरला अवयवाशी देणंघेणं राहिलेलं नाही, भेटीशी आहे. मेंदू आणि कंबर वेगळे अवयव आहेत हे मेडिकेअरला माहीत आहे आणि ते धरूनच कपात केली आहे. मॉडिफायर लावला की कपात टळते, पैसे येतात, सगळे खूश. पुढे ऑडिटमध्ये एकाच टेबलवर पाऊण तासात झालेले दोन एमआरआय दोन भेटी म्हणून सांगितलेले सापडले, की ते खोटं विधान ठरतं. ५९ च्या वापरावर सरकारी नजर जुनी आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने २००५ मध्ये तपासणी केली, तेव्हा २००३ च्या आर्थिक वर्षात ५९ लावून पैसे मिळालेल्या कोड-जोड्यांपैकी ४० टक्के नियमात बसत नव्हत्या आणि त्यांपोटी सुमारे ५.९ कोटी डॉलर चुकीने गेले होते.

वेगळी भेट खरीच असेल तर पुरावा कसा असावा? रिपोर्टवरची तारीख पुरत नाही, वेळ लागते. दोन्ही तपासण्यांचा सुरू होण्याचा आणि संपण्याचा वेळ आरआयएसमधून, म्हणजे रेडिऑलॉजीच्या नोंदींच्या सिस्टिममधून, मिळतो. दोन स्वतंत्र ऑर्डर असाव्यात, आणि दुसऱ्या ऑर्डरमध्ये नवं कारण दिसावं. पेशंट मध्ये निघून गेल्याची नोंद असेल तर उत्तमच. मशीन बिघडलं म्हणून पेशंटला दोन तास बाहेर बसवलं, यावर दोन भेटींचा दावा करायला मी धजणार नाही. असा प्रसंग आला तर क्लायंटच्या कम्प्लायन्सकडून, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या विभागाकडून, लेखी घ्या, स्वतः ठरवू नका. खरी वेगळी भेट असून मॉडिफायर राहून गेला असेल, तर लांबलचक अपील पत्र लिहू नका. ती कारकुनी चूक आहे. पहिल्या निर्णयापासून एक वर्षाच्या आत रीओपनिंग, म्हणजे अपिलाविना त्याच निर्णयाची दुरुस्ती, मागता येतं. रीडिटर्मिनेशनची, म्हणजे अपिलाच्या पहिल्या पायरीची मुदत १२० दिवस असते, ती वादाच्या मुद्द्यांसाठी राखून ठेवा.

प्रोफेशनल भागाची एक बारीक गोष्ट. न्यूरोरेडिऑलॉजिस्टने मेंदू वाचला, हाडांच्या तज्ज्ञाने गुडघा वाचला, दोघे एकाच ग्रुपमध्ये असतील तरी ५ टक्के कपात लागते. डॉक्टर दोन आहेत हा मुद्दा २०१२ मध्ये चालत होता, २०१३ पासून चालत नाही. दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय झाला आणि डावं-उजवं असं बिल गेलं, तर दुसऱ्या गुडघ्यालाही कपात लागते. इथे ‘बायलॅटरल आहे, पूर्ण द्या’ असा वाद नवखे लोक हमखास घालतात.

कोणत्या कोडला नियम लागू आहे हे पाठ करायची गरज नाही. मेडिकेअरच्या फी शेड्यूलच्या फाइलमध्ये मल्टिपल प्रोसीजरच्या रकान्यात ४ असेल आणि इमेजिंग गटाच्या रकान्यात ८८ असेल, तर तो कोड या हिशेबात आहे. ९९ म्हणजे लागू नाही. साधा एक्स-रे आणि मॅमोग्राफी यात येत नाहीत. तेव्हा सीटीबरोबर छातीचा एक्स-रे झाला आणि एक्स-रेवर अशी कपात दिसली, तर फोन उचलाच. त्याच रकान्यात ६ किंवा ७ दिसलं तर ते हृदयाच्या आणि डोळ्यांच्या तपासण्यांचं वेगळं प्रकरण आहे, २०१३ चं. त्यात टेक्निकल भागावर अनुक्रमे २५ आणि २० टक्के कपात होते. मॉडिफायर ५१ (एकाहून अधिक प्रोसीजर) स्वतःहून लावू नका, सिस्टिम कपात आपोआप करते.

पोट आणि ओटीपोटाचा सीटी ही आणखी वेगळी गोष्ट. २०११ पासून या दोन्हींसाठी एकत्र कोड आहेत, ७४१७६, ७४१७७ आणि ७४१७८. दोन वेगळे कोड पाठवून एक नाकारला गेला तर ती एमपीपीआरची कपात नाही, कोडिंगची चूक आहे. ती दुरुस्त करून नवा क्लेम पाठवायचा.

तुमच्याकडे उद्या हॉस्पिटलचा क्लायंट आला तर वरचा टेक्निकल भागाचा हिशेब विसरा. हॉस्पिटलच्या आउटपेशंटला मेडिकेअर वेगळ्या पद्धतीने पैसे देते. तिथे २००९ पासून एकाच दिवशी एकाच प्रकारच्या अनेक तपासण्यांना मिळून एकच ठोक रक्कम मिळते. अल्ट्रासाउंडचा एक गट, सीटीचे दोन, एमआरआयचे दोन, कॉन्ट्रास्टसह (प्रतिमा स्पष्ट यायला दिलेल्या औषधासह) आणि कॉन्ट्रास्टविना. तिथल्या रेडिऑलॉजिस्टचं बिल मात्र फी शेड्यूलवरच जातं, म्हणून त्यांना ५ टक्के कपात लागतेच.

खरे पैसे बुडतात ते खासगी विम्यात. तिथे मेडिकेअरचा नियम आपोआप लागू होत नाही, करारात लिहिलंय ते लागू होतं. काही करार मेडिकेअरच्या नियमाला बांधलेले असतात, काहींत स्वतःचे टक्के असतात, काहींत एमपीपीआरचा उल्लेखच नसतो आणि तरी कपात झालेली असते. मी आधी चार गोष्टी बघतो. करारात हा नियम आहे का? प्रोफेशनल भागावर अजून जुने २५ टक्के तर कापत नाहीत ना? ग्लोबल ओळ दोन भागांत न फोडता सरसकट निम्मी तर केली नाही ना? आणि पूर्ण पैसे सर्वांत महाग ओळीला दिलेत की सर्वांत स्वस्त? वरच्या उदाहरणात दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लोबल ओळी सरसकट निम्म्या केल्या, तर मिळतील ३१० अधिक १३५ अधिक ७०, म्हणजे ५१५. मेडिकेअरच्या पद्धतीपेक्षा ५९.५० डॉलर कमी. एका क्लेमला किरकोळ वाटेल, पण हे सेटिंग विमा कंपनीच्या सिस्टिममध्ये असतं, म्हणजे त्या प्लॅनच्या प्रत्येक पेशंटला तेच घडतंय. असं सापडलं तर एकेक क्लेम अपील करू नका. एकाच पद्धतीने चुकलेल्या क्लेमची यादी करून क्लायंटच्या कॉन्ट्रॅक्टिंगकडे द्या, ते विमा कंपनीच्या प्रतिनिधीशी बोलतील.

टीम लीडला एक सुचवा. पेमेंट पोस्टिंगच्या, म्हणजे आलेले पैसे नोंदवण्याच्या, सिस्टिममध्ये अपेक्षित रक्कम काढताना एमपीपीआरचा हिशेब भरून घ्या. नाहीतर प्रत्येक दुसरी ओळ कमी पैसे आल्यासारखी लाल दिसते, लोक डोळे झाकून राइट-ऑफ करतात आणि त्या गर्दीत खऱ्या चुका निसटतात.

पेशंटकडून ही रक्कम मागायची नाही. सीओ म्हणजे कराराने सोडलेली रक्कम. पेशंटचा वाटा पीआर (पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी) खाली येतो, आणि तो कमी झालेल्या मान्य रकमेच्या २० टक्के असतो. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी पेशंटने भरायची रक्कम, भरून झालं असेल तर आपल्या उदाहरणात पेशंटचे ११४.९० डॉलर होतात, कपात नसती तर १४४ झाले असते. अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या आणि मेडिकेअरवर असलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांचे ईओबी, म्हणजे विम्याने कशाचे किती दिले हे सांगणारे कागद, घेऊन कोणी ‘दुसऱ्या एमआरआयचे पैसे विम्याने नाकारले का’ असं विचारतं, तेव्हा मी एवढंच सांगतो: नाकारले नाहीत, कमी दराने मान्य केले, आणि तुमचा भारही त्याच प्रमाणात कमी झाला.

क्लायंटच्या मॅनेजरने मेलच्या शेवटी विचारलंय की पुढच्या वेळी कंबरेचा एमआरआय दुसऱ्या दिवशी ठेवला तर? याला माझं स्पष्ट नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणी तरी कामावरून रजा काढून परत आणायचं, परत मशीनमध्ये घालायचं, कॉन्ट्रास्ट असेल तर परत सुई आणि परत इंजेक्शन, आणि तेही केवळ बिल फोडण्यासाठी. वैद्यकीय कारणाने दोन दिवस लागले तर डॉक्टर तसं लिहितील आणि दोन्हींचे पूर्ण पैसे मिळतील. बिलिंगच्या टीमने वेळापत्रकात हात घालायचा नाही. ही सूचना लेखी मेलने आली आहे म्हणता, तर ती तशीच तुमच्या कम्प्लायन्सकडे पाठवा आणि तुमचं उत्तरही लेखीच द्या.